टर्बोचार्जरची तेलगळती : दोषी कोण आणि बळी कोण?

मुंबईहून पुण्याकडे निघालेली एखादी डिझेल मोटार बोरघाट चढून लोणावळ्याला थांबते. चहापाणी उरकून मंडळी गाडीत परत बसतात, इंजिन सुरू होते आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट बाहेर पडतो. पुण्याला पोचल्यावर बॉनेट उघडून पाहावे, तर टर्बोचार्जरच्या अंगावर तेलाचे काळपट ओघळ दिसतात. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एका वाक्यात निदान होते : 'टर्बो गेला, साहेब. बदलावा लागेल.' हजारो रुपये खर्चून नवा टर्बो बसवला जातो. महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा एके दिवशी तोच निळा धूर मागच्या आरशात दिसू लागतो. मग दोष कधी सुट्या भागाला दिला जातो, कधी मेकॅनिकला, तर कधी नशिबाला.

असे प्रसंग अनेक वाहनधारकांच्या वाट्याला येतात आणि त्यामागचे कारण बहुतेक वेळा एकच असते. तेल टर्बोमधून बाहेर पडत असले, तरी बिघाड टर्बोमध्येच असतो असे नाही. तेलाचा परतीचा मार्ग तुंबणे, इंजिनच्या पोटात दाब वाढणे, हवेचा फिल्टर धुळीने भरणे यांपैकी काहीही झाले, तरी पूर्णपणे निर्दोष टर्बोही तेल ओकू लागतो. मूळ कारण शोधले नाही, तर नव्या टर्बोचीही तीच गत होते. पूर्वी टर्बो ही डिझेल जीप, ट्रक आणि मोठ्या मोटारींची मिरासदारी होती. आता एक-सव्वा लिटरच्या लहान पेट्रोल इंजिनांवरही टर्बो सर्रास असतो. त्यामुळे हा विषय केवळ मेकॅनिकचा राहिलेला नाही.

शंभर वर्षांपूर्वीची युक्ती

इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते आणि ती सायलेन्सरवाटे वाया जाते. या वायूंच्या झोताने एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांची. १९०५ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. प्रत्यक्षात ती यशस्वी व्हायला १९२५ साल उजाडले. त्यानंतर आधी जहाजांच्या आणि पुढे ट्रकच्या डिझेल इंजिनांवर टर्बोचार्जर बसू लागले. प्रवासी मोटारींत त्याचा प्रवेश १९६२ साली अमेरिकेत झाला. ओल्ड्समोबाइलची 'जेटफायर' आणि शेव्हरोलेची 'कॉर्व्हेर' या त्या पहिल्या मोटारी. १९७८ साली मर्सिडीज-बेंझने '३०० एसडी' ही टर्बो-डिझेल प्रवासी मोटार बाजारात आणली. पुढे डिझेल मोटार आणि टर्बो हे जणू समीकरणच बनले.

फायदा उघड आहे. त्याच आकाराच्या इंजिनात अधिक हवा गेली की अधिक इंधन जाळता येते आणि अधिक शक्ती मिळते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषण निकष लागू झाले. लहान इंजिनाकडून कमी धुरात अधिक काम करून घेण्याची गरज वाढली आणि टर्बोचे महत्त्वही वाढले. मात्र या शक्तीसाठी टर्बोला जे सोसावे लागते, ते समजल्याशिवाय तेलगळतीचे कोडे सुटत नाही.

तेलावर तरंगणारा दांडा

टर्बोचार्जरचे तीन भाग असतात. एका बाजूला टर्बाइनचे घर. यात इंजिनातून निघालेले तप्त वायू शिरतात. डिझेल इंजिनात या वायूंचे तापमान ८०० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते, पेट्रोल इंजिनात ते त्याहूनही अधिक असते. दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरचे घर. तेथे फिल्टरमधून आलेली हवा दाबली जाते. मध्ये असतो तो बेअरिंगचा भाग. दोन्ही चाकांना जोडणारा, करंगळीपेक्षाही बारीक शाफ्ट याच भागातून जातो. लहान मोटारीच्या टर्बोचा हा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो.

इतक्या वेगाला धातूवर धातू घासला, तर क्षणात सर्व काही जळून जाईल. म्हणून बहुतेक टर्बोमध्ये हा शाफ्ट साध्या बुशसारख्या बेअरिंगमध्ये, तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. इंजिनच्या पंपाकडून एका बारीक नळीने तेल दाबाखाली येते. ते बेअरिंगला वंगण पुरवते, उष्णता उचलते आणि खालच्या बाजूने बाहेर पडते. परतीच्या वाटेवर पंप नसतो. फेस झालेले, तापलेले तेल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली उतरते आणि इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरमध्ये जाते. म्हणूनच तेल आणणारी नळी बारीक, तर तेल नेणारी नळी चांगली जाड आणि शक्य तितकी सरळ खाली उतरणारी असते. घरातल्या मोरीला जसा उतार हवा, तसाच हा प्रकार आहे. उतार बिघडला किंवा तोंड बंद झाले की पाणी मोरीतून उलट वर येते.

सील म्हणजे रबरी बूच नव्हे

सर्वसामान्य समजूत अशी, की टर्बोच्या दोन्ही टोकांना रबरी सील असते, ते झिजते आणि तेल गळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. टर्बाइनच्या उष्णतेत रबर टिकणे शक्यच नाही. तेथे पिस्टनच्या रिंगसारखी एक लहानशी धातूची रिंग खाचेत बसवलेली असते. कॉम्प्रेसरच्या बाजूलाही बहुधा तशीच रचना असते. ही रिंग बुचासारखी घट्ट बसत नाही. तेल अडवण्याचे काम मुख्यतः दाबाचा समतोल करतो. इंजिन चालू असताना दोन्ही चाकांच्या बाजूला हवेचा व वायूंचा दाब असतो आणि मधल्या भागातला दाब त्याहून कमी असतो. त्यामुळे थोडा वायू आत झिरपतो, पण तेल बाहेर येत नाही.

हा समतोल तीन प्रकारे बिघडू शकतो. पहिला, मधल्या भागातले तेल खाली उतरले नाही आणि तेथेच साचू लागले. दुसरा, इंजिनच्या पोटातला दाब वाढला आणि त्याने तेलाची वाट रोखली. तिसरा, चाकांच्या बाजूचा दाब घटला. हवेचा फिल्टर तुंबला की कॉम्प्रेसर जोर लावून हवा ओढतो, तेथे निर्वातासारखी स्थिती निर्माण होते आणि तेल सीलच्या फटीतून शोषले जाते. या तिन्ही प्रकारांत टर्बो धडधाकट असू शकतो. चौथा प्रकार तेवढा खऱ्या अर्थाने टर्बोचा बिघाड : बेअरिंग झिजते, शाफ्ट डगमगू लागतो आणि रिंग आपली जागा सांभाळू शकत नाही. पण बेअरिंग तरी का झिजले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बहुधा घाण तेल, अपुरे तेल किंवा चुकीच्या प्रतीचे तेल हेच असते.

धुराचा रंग आणि वेळ

निदानाची सुरुवात पाना हातात घेण्यापूर्वी होते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. टर्बोपुढचा एखादा होज फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला, तरी असे होते. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर बहुधा कूलंट जळत असल्याची खूण असते. निळसर धूर मात्र इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो.

हा निळा धूर केव्हा येतो, हे रंगाइतकेच महत्त्वाचे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलकडे संशय जातो. वेगात असताना पाय सोडल्यावर, उतारावर धूर येत असेल तरीही तोच संशय. चढावर, भर घालताना सतत धूर येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा टर्बो यांपैकी कोणीही दोषी असू शकते. आणि बराच वेळ इंजिन मंद गतीने चालू ठेवून नंतर पाय दाबताच निळा ढग बाहेर पडत असेल, तर टर्बाइनच्या बाजूला तेल साचत असण्याची शक्यता मोठी. मंद गतीवर टर्बाइनच्या घरातला दाब नगण्य असतो आणि तेल हळूहळू झिरपते. वातानुकूलन चालू ठेवून तासन् तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हा अनुभव विशेष येतो.

यानंतर पाहायची ती तेलाची पट्टी. तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल, तर परतीच्या नळीचे तोंड तेलात बुडू शकते आणि टर्बोमधले तेल तुंबते. कित्येकदा हा सारा उपद्व्याप सर्व्हिसिंगच्या वेळी ओतलेल्या अर्धा-एक लिटर जादा तेलाचा असतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत आणखी एक कारण संभवते. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते. गाडी केवळ शहरात, थोड्या थोड्या अंतरासाठी वापरली आणि ही स्वच्छता वारंवार अर्धवट राहिली, तर काही इंजिनांत डिझेल तेलात उतरते. तेलाची पातळी वाढते, तेल पातळ होते आणि त्याचे वंगणगुण घटतात.

तेल आले कोठून?

टर्बोवर तेल दिसले म्हणजे ते टर्बोतूनच आले, असे मानणे ही सर्वात सामान्य चूक. तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे पसरते. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून झिरपलेले तेल टर्बोवर सांडून त्याच्या नावावर खपते. म्हणून पहिले काम स्वच्छतेचे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टर्बो आणि आजूबाजूचा भाग डिग्रीजरने धुवून कोरडा करावा. संशयित सांध्यांवर थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन काही वेळ चालवावे. पावडरीवरचा पहिला ओला डाग गळतीचे उगमस्थान दाखवतो. चांगल्या कार्यशाळेत तेलात विशिष्ट रंगद्रव्य मिसळून अतिनील दिव्याखाली गळती शोधतात. तत्त्व तेच.

बाहेरची गळती बहुधा तीन ठिकाणी सापडते. तेल आणणाऱ्या नळीच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर, परतीच्या नळीचे गॅस्केट आणि त्या नळीला जोडलेला, उष्णतेने कडक होऊन तडकलेला रबरी होज. यातली कोणतीही दुरुस्ती टर्बो बदलण्याच्या तुलनेत किरकोळ खर्चाची असते.

आतल्या गळतीसाठी हवेचे पाइप सोडवून पाहावे लागतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. या पाइपांच्या आतल्या बाजूला तेलाचा पातळ थर असणे स्वाभाविक आहे. इंजिनच्या पोटातील तेलकट वाफा ब्रीदर पाइपवाटे टर्बोच्या अलीकडे हवेत सोडलेल्या असतात, त्यांचा तो अंश. पण पाइपच्या खोलगट भागात तेलाचे डबके साचलेले असेल, तर प्रकरण गंभीर. कॉम्प्रेसर चाकाच्या अलीकडचा पाइप तेलाने माखलेला असेल, तर तेल ब्रीदरमधून येत आहे. अलीकडचा पाइप कोरडा आणि पलीकडचा ओला असेल, तर संशय टर्बोच्या सीलवर जातो. धुराच्या बाजूलाही हीच कसोटी लागू पडते. टर्बाइनच्या आधीचा मॅनिफोल्ड कोरडा आणि नंतरचा पाइप ओला, म्हणजे तेल टर्बोतून येत आहे. मॅनिफोल्डच ओला असेल, तर तेल इंजिनातून येत आहे आणि टर्बो बदलून काडीचाही उपयोग होणार नाही.

टर्बो उतरवण्यापूर्वी

तेल टर्बोतूनच येत असल्याची खात्री झाली, तरी लगेच टर्बो उतरवण्याचे कारण नाही. आधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, हवेचा फिल्टर. धुळीने भरलेला किंवा पावसात भिजून फुगलेला फिल्टर आणि त्याच्या पेटीत अडकलेली पाने, प्लॅस्टिकचा तुकडा एवढे कारणही पुरेसे असते.

दुसरी, ब्रीदर आणि इंजिनच्या पोटातला दाब. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली निसटतोच. त्याला गॅरेजच्या भाषेत ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर काढण्याचे काम ब्रीदर आणि त्याची झडप करते. झडप चिकटली किंवा आतला पडदा फाटला की दाब वाढतो आणि टर्बोमधून उतरणाऱ्या तेलाला खालून विरोध होतो. मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनाचे ऑइलचे झाकण सैल करून पाहणे ही झाली ढोबळ परीक्षा. जोराने वाफा बाहेर येत असतील, तर दाब वाढलेला आहे. अचूक परीक्षेसाठी पट्टीच्या नळीला दाबमापक जोडून येणारा आकडा उत्पादकाच्या मर्यादेशी ताडून पाहावा लागतो. ब्रीदर साफ असूनही दाब जास्त असेल, तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत आणि खरे काम इंजिनचे आहे.

तिसरी, परतीची नळी. जुने तेल टर्बोच्या उष्णतेने जळून कोळशासारखे कडक होते आणि नळीचा व्यास आतून कमी करत जाते. कधी नळी दबलेली असते, कधी रबरी होज मुडपलेला असतो. याहून खेदाची गोष्ट म्हणजे, मागच्या दुरुस्तीत गॅस्केटला फासलेला सिलिकॉनचा लेप आत दाबला जाऊन नळीचे तोंड अडवतो. गळती थांबवण्यासाठी वापरलेला पदार्थच गळतीला कारणीभूत ठरतो. टर्बोच्या तेलवाहिन्यांच्या सांध्यांवर असा लेप वापरू नये, असे टर्बो उत्पादक बजावतात ते याचसाठी.

शाफ्टची परीक्षा

हे सारे ठीक असेल, तर मग टर्बोची पाळी. थंड इंजिनावर हवेचा पाइप काढून कॉम्प्रेसरचे चाक बोटाने फिरवून पाहावे. ते न अडखळता, न घासता फिरायला हवे. पात्यांच्या कडा वाकलेल्या, तुटलेल्या किंवा घराला घासून चकाकलेल्या असतील, तर टर्बो निकामी समजावा.

नंतर शाफ्टचा ढिलेपणा पाहावा. वर-खाली हलवल्यावर शाफ्ट थोडासा हलतो. तेलावर तरंगणाऱ्या बेअरिंगमध्ये एवढी जागा मुद्दाम ठेवलेली असते. या हालचालीकडे बोट दाखवून 'बघा, टर्बो संपला' असे सांगितले जाते, तेव्हा ग्राहकाने घाबरण्याचे कारण नाही. चाक घराला टेकते का, हा खरा प्रश्न. आत-बाहेरची हालचाल मात्र हाताला जेमतेम जाणवण्याइतकीच, साधारणतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असावी. ती स्पष्ट जाणवत असेल, तर थ्रस्ट बेअरिंग झिजले आहे. नेमके माप डायल गेजने घ्यावे आणि त्या विशिष्ट टर्बोसाठी दिलेल्या मर्यादेशी ताडावे.

दुरुस्तीचे तीन मार्ग

टर्बो खरोखरच झिजला असेल, तर तीन पर्याय उरतात. एक, संपूर्ण नवा टर्बो. दोन, केवळ मधला भाग, म्हणजे शाफ्ट, चाके आणि बेअरिंग असलेली तयार जोडणी बदलणे. तीन, जुना टर्बो उघडून बेअरिंग, रिंग व सील यांचा संच बसवणे. तिसरा पर्याय सर्वात स्वस्त आणि सर्वात फसवा. दोन लाख फेऱ्यांच्या वेगाला चाकाच्या वजनातील किंचितसा असमतोलही बेअरिंगचा चुरा करतो. त्यामुळे जोडणीनंतर बॅलन्सिंग यंत्रावर समतोल साधणे अनिवार्य आहे. हे यंत्र नसलेल्या दुकानात 'किट' बसवून घेणे म्हणजे पैसे आणि इंजिन दोन्ही पणाला लावणे. समतोल केल्याचा छापील अहवाल मागण्यात संकोच बाळगू नये. हलत्या पात्यांच्या टर्बोमध्ये त्या पात्यांची मर्यादाही यंत्रावर जुळवून घ्यावी लागते, अन्यथा गाडीचा पिकअप बिघडतो.

नवा टर्बो बसवताना सोबतची कामे टाळणे हे घातक ठरते. तेल आणि ऑइल फिल्टर बदलणे, तेल आणणारी नळी व तिच्यात जाळी असल्यास तीही बदलणे, परतीची नळी धुवून आरपार पाहणे, सर्व वॉशर व गॅस्केट नवे घालणे ही किमान यादी. इंटरकूलरमध्ये साचलेले तेल काढून टाकणे हेही तितकेच महत्त्वाचे. जुना टर्बो तुटला असेल, तर त्याचे कण हवेच्या मार्गात राहता कामा नयेत.

शेवटी, टर्बो कोरडा सुरू करू नये. वरच्या छिद्रातून स्वच्छ तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवावा. मग इंधन बंद ठेवून इंजिन स्टार्टरने काही वेळ फिरवावे आणि तेल टर्बोपर्यंत पोचू द्यावे. त्यानंतर इंजिन सुरू करून काही मिनिटे मंद गतीवरच ठेवावे. पहिल्याच क्षणी पाय दाबून 'आवाज ऐकून पाहण्याचा' मोह नव्या टर्बोचे आयुष्य तेथेच संपवू शकतो. पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून, ती थंड झाल्यावर प्रत्येक सांधा पुन्हा तपासला म्हणजे काम पुरे झाले.

इंजिन बेफाम होते तेव्हा

'थोडे तेल गळते, चालायचेच' ही वृत्ती येथे परवडणारी नाही. टर्बाइनचे घर भर घातल्यावर लाल होण्याइतके तापते. त्यावर पडणारे तेल पेट घेऊ शकते. पेट्रोल गाडीत जळालेल्या तेलाची राख कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करते. डिझेल गाडीत याहूनही भयंकर प्रकार घडू शकतो.

डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. त्यामुळे हवेच्या वाटेने पुरेसे इंजिन ऑइल आत शिरले, तर इंजिन तेच इंधन म्हणून जाळू लागते. वेग वाढतो, टर्बो अधिक हवा आणि अधिक तेल आत ढकलतो आणि इंजिन बेफाम होते. किल्ली बंद केली तरी ते थांबत नाही, कारण किल्लीने डिझेल बंद होते, तेल नव्हे. सारा परिसर निळसर-पांढऱ्या धुराने भरतो आणि तेल संपून इंजिन जॅम होईपर्यंत किंवा फुटेपर्यंत हा प्रकार चालतो.

हाताने गिअर बदलायच्या गाडीत अशा वेळी एक उपाय असतो. गाडी थांबवून ब्रेक पूर्ण दाबावा, हँडब्रेक ओढावा, सर्वात वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. हे तत्काळ जमले तरच करावे. समोर मोकळी जागा नसेल किंवा इंजिन कमाल वेगाला पोचले असेल, तर गाडीतून सर्वांनी उतरून दूर जाणे हेच शहाणपण. हवेचे तोंड हाताने किंवा फडक्याने बंद करण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्या ओढीत हात जायबंदी होऊ शकतो. तेलाची पातळी झपाट्याने घटत असेल आणि निळा धूर वाढत असेल, तर 'गॅरेजपर्यंत नेऊ' असे न म्हणता गाडी टो करून न्यावी.

सवयींचा प्रश्न

टर्बोचे आयुष्य बव्हंशी तेलावर आणि चालकाच्या सवयींवर अवलंबून असते. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल ठरलेल्या मुदतीत, आणि धूळ व खोळंबलेल्या वाहतुकीत गाडी वापरत असल्यास त्याआधीही बदलावे. सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिले काही किलोमीटर हळुवार चालवावे, कारण थंड, दाट तेलाला बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो. घाट चढून किंवा द्रुतगती मार्गावरून वेगात आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. शेवटचा एखादा किलोमीटर संथ चालवावे किंवा मिनिटभर मंद गतीवर ठेवावे. एकदम बंद केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही टर्बोभोवती कूलंट फिरवणारा विजेचा पंप असतो; तरीही ही सवय वाया जात नाही.

लोणावळ्याच्या त्या मोटारीकडे पुन्हा वळल्यास, तिच्या मालकाने 'टर्बो गेला' हा निकाल ऐकल्यावर चार साधे प्रश्न विचारायला हवे होते. तेलाची पातळी किती आहे? हवेचा फिल्टर आणि ब्रीदर पाहिला का? परतीची नळी मोकळी आहे का? शाफ्टची हालचाल किती भरली? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला बहुधा एखाद्या तासाचे काम आणि थोडी स्वच्छता पुरते. त्या उत्तरांनंतरही टर्बो दोषी ठरला, तर तो जरूर बदलावा. पण साक्षीपुरावा न घेता शिक्षा ठोठावली, तर खरा आरोपी बॉनेटखाली मोकळाच राहतो आणि पुढच्या टर्बोची वाट पाहत बसतो.